पंख्याच्या रेषेत

मैत्रीने ते सहज विचारलं होतं. गाडी शेडमध्ये उभी होती, बॉनेट उघडं, इंजिन चालू. विक्रम पुढच्या चाकाच्या बाजूने आत वाकून रेडिएटरच्या नळीला कुठे पाझर आहे का ते बोटाने चाचपत होता. सीताराम ओव्हाळ बंपरसमोर दोन हात लांब, हाताची घडी घालून, इंजिनाला कान देऊन उभा होता. स्टिअरिंगमागून मैत्रीने मान बाहेर काढली आणि आवाज चढवून म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुम्ही विक्रमसारखे बाजूने कधीच का वाकत नाही? लहानपणापासून बघतेय. बॉनेट उघडलं की तुम्ही समोर. पंखा ज्या रेषेत फिरतो त्या रेषेत तुम्ही येतच नाही."

"सवय," सीताराम म्हणाला.

"सवय चांगलीच आहे. पण हाच पंखा ठेवा असं तुम्हीच म्हणताय ना, म्हणून विचारलं."

तिने इंजिन बंद केलं. पंखा इंजिनाबरोबरच थांबला. विक्रमने हात पुसत विचारलं, "मग काका, फायनल ना? हाच कसून टाकू?" आणि सीताराम "हो, हाच," म्हणाला, नेहमीच्या आवाजात. पण म्हणता म्हणता त्याचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. जमिनीवर सांडलेल्या तेलाच्या डागाच्या अलीकडे ते जुळवून ठेवल्यासारखे उभे होते. ते तिथे कोणी ठेवले, कधी ठेवले, हे त्याला आठवेना. साठीच्या माणसाला आपले पाय आपल्याला न विचारता कुठे उभे राहतात हे मुलीकडून कळावं, याची त्याला लाज वाटली. लाजेच्या खालोखाल आणखी काहीतरी हललं. ते काय आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने तिकडे पाहिलं नाही.

गाडी विक्रमच्या वडिलांची, मच्छिंद्ररावांची. कात्रजच्या पुढे त्यांची जमीन होती. तिच्यातला पहिला तुकडा बिल्डरला गेला त्या वर्षी त्यांनी ही कॉन्टेसा घेतली होती, आणि पुढे दहा-बारा वर्षं ती चिंचेखाली कोंबड्यांना निवारा देत उभी राहिली. उरलेल्या जमिनीत आता ही पत्र्याची शेड होती आणि तिन्ही बाजूंना बारा-बारा मजले. विक्रम आणि मैत्री इंजिनिअरिंगच्या कॉलेजातले सोबती. जुन्या गाड्यांना नवा दम द्यायचा धंदा दोघांनी तीन वर्षांपूर्वी इथे काढला होता. कॉन्टेसाच्या पोटात त्यांनी दुसऱ्या गाडीचं दणकट इंजिन बसवलं होतं. मुळात मिनिटाला साडेचार हजार फेरे घेणारं ते इंजिन आता सात हजारांवर जात होतं. पुढच्या महिन्यात घाटात वेळेची शर्यत होती आणि गाडी मैत्री चालवणार होती. ब्रेक, चाकं, गिअर, सगळं दोघांनी आपलं आपण ठरवलं. रेडिएटरमागच्या पंख्यापाशी मात्र अडलं. इंजिनाबरोबर आलेला, पट्ट्यावर फिरणारा लोखंडी पात्यांचा पंखा ठेवायचा, की तो काढून विजेच्या मोटरवरचा लावायचा? मैत्रीचं म्हणणं सरळ होतं: पट्ट्यावरचा पंखा इंजिनाची ताकद फुकट खातो. गाडी धावते तेव्हा समोरून वाराच इतका येतो की त्याची गरज नसते, आणि सिग्नलला इंजिन मंद असतं तेव्हा, नेमकी गरज असताना, तोही मंद. विजेचा पंखा पाणी तापलं की सुरू होतो, निवलं की थांबतो. विक्रमला वायरिंगची धास्ती होती. फ्यूज उडाला, रिले चिकटला, तर भर घाटात पाणी उकळेपर्यंत कळायचं नाही. शेवटी मैत्री म्हणाली होती, बाबांना विचारू. बाबांनी आयुष्यभर तेच केलंय.

ते खरं होतं. कंपनीत एकतीस वर्षं, त्यातली बहुतेक कूलिंगच्या टेस्टिंगमध्ये. तिथे सीताराम ओव्हाळचं मत ठरलेलं होतं. इंजिन फिरतंय तोवर पंखा फिरणार; त्याला ना वायर, ना स्विच, ना बिघडायला काही. पोरंटोरं विजेच्या पंख्याचे आलेख घेऊन यायची, आणि ओव्हाळसाहेब ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, पट्ट्याच्या पंख्याने कधी कोणाचं वाईट केलेलं नाही. हे वाक्य ते इतक्या शांतपणे म्हणायचे की पुढे वाद होत नसे. निवृत्तीच्या समारंभात एका तरुणाने त्या वाक्याची नक्कलही करून दाखवली होती. सगळे हसले होते, सीतारामही हसला होता.

तो शेडमधून निघाला तेव्हा साडेदहा वाजले होते. ऑक्टोबरातलं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. मैत्री म्हणाली, "सोडते की स्वारगेटपर्यंत." तो नको म्हणाला. कात्रजच्या चौकात बस मिळाली, खिडकीही मिळाली. बस पुलाखाली तुंबून उभी राहिली आणि इंजिनाची धग पायाखालून वर येऊ लागली. बाजूने का वाकत नाही. ज्या रेषेत फिरतो त्या रेषेत येतच नाही. मुलीने बोट ठेवलं होतं ते बरोबर एका रेघेवर. ती रेघ त्याने एकदाच पाहिली होती, केसाइतकी बारीक, चौथ्या पात्याच्या मुळाशी.

स्ट्रोबच्या दिव्यात पाहिली होती. तो दिवा इतक्या वेगाने लुकलुकतो की त्याचा वेग आणि पंख्याचा वेग जुळला की फिरणारा पंखा जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो. कान सांगतात, हे यंत्र प्राण घेऊन फिरतंय. डोळे सांगतात, छे, उभं आहे. सीतारामला ते दृश्य फार आवडायचं. एकोणीसशे चौऱ्याण्णव साल होतं. तो एकोणतीस वर्षांचा, येरवड्याच्या त्यांच्या वस्तीतला पहिला इंजिनिअर, नोकरीला दहा महिने झालेले, कायम व्हायला दोन बाकी. नव्या वेगवान गाडीच्या इंजिनाची टेस्ट चालली होती. ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने, न थांबता, दोनशे तास. मध्ये थांबलं तर तास पुन्हा पहिल्यापासून. पाती नीट दिसावीत म्हणून त्याने पंख्यावरची जाळी उतरवून ठेवली होती. स्वतःच्या हाताने, चार बोल्ट, टेस्ट सुरू व्हायच्या आधी. बुधवारी दिव्यात त्याला ती रेघ दिसली. त्याने वहीत पेन्सिलीने लिहिलं: चौथं पातं, मुळाशी, तडा? आणि साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब चहा पीत होते. म्हणाले, "ओव्हाळ, रंगाची रेघ असेल. अठ्ठावीस तास राहिलेत. पूर्ण करा." मग, तो दारापर्यंत गेल्यावर, "तुमच्या कन्फर्मेशनचे कागद माझ्याच टेबलावर आहेत हो. बघतो मी."

त्या दिवशी त्याने स्वतःला सांगितलं की साहेबांचा अनुभव वीस वर्षांचा आहे. रंगाची रेघ असू शकते. असू शकतेच.

बस हलली. समोरच्या सीटवरच्या बाईने खिडकीची काच पुढे सरकवली आणि वारा आला, गरम. सीतारामने डोळे मिटले नाहीत, कारण मिटले की रामदास दिसायचा.

रामदास निजामपूरकर. कसब्यातल्या तांबट आळीचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या तांब्याची भांडी घडवायचं काम. हा मात्र रेडिएटर जोडायला शिकला आणि कंपनीत लागला. तेव्हाचे रेडिएटर तांब्या-पितळेचे. कुठे बारीक छिद्र पडलं की रामदास डागणी घेऊन बसायचा आणि असं डाग द्यायचा की नंतर बोट फिरवून जागा सापडायची नाही. घाई कशी ती नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधीसुद्धा तो हात तीनदा धुवायचा आणि नखांखाली बघायचा. सीतारामपेक्षा तीन वर्षांनी मोठा, पण "साहेब" म्हणायचा. सीतारामला त्या वयात कोणीच साहेब म्हणत नव्हतं. गुरुवारी दुपारी नळीच्या सांध्यातून पाणी ठिबकताना दिसलं. काचेपलीकडे इंजिन, अलीकडे सीताराम, वेगाचा दांडा त्याच्या हातात. इंजिन मंद करायला हवं होतं. मंद केलं असतं तर तास मोडले असते. त्याने रामदासला हाताने खूण केली: जरा आत जाऊन बघ. रामदासने दारात थांबून पंख्याकडे पाहिलं, मग सीतारामकडे पाहिलं. जाळी नाही, असं त्या पाहण्यात होतं. सीतारामने पुन्हा तीच खूण केली. रामदास आत गेला, बाजूने, आणि वाकला.

आवाज फार मोठा झाला नव्हता. नंतर कित्येक वर्षं सीतारामला याचंच आश्चर्य वाटत राहिलं. एक टण्ण असा आवाज, तांब्याचं भांडं फरशीवर पडावं तसा, आणि मग पाच पात्यांवर भेलकांडणाऱ्या इंजिनाची धडधड. त्याने दांडा ओढला. आता ओढला. हॉस्पिटलात पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

चौकशी आठ दिवस चालली. साहेबांनी अहवाल टाइप करून आणला. कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय जाळी काढली व इंजिन सुरू असताना निष्काळजीपणे आत प्रवेश केला. पंख्यात कोणताही पूर्वदोष आढळला नाही. खाली प्रत्यक्ष साक्षीदाराच्या सहीची जागा. साहेब म्हणाले, "गेलेला माणूस तर परत येत नाही, ओव्हाळ. राहिलेल्यांनी मागे राहिलेल्यांचा विचार करावा." घरी लग्नाला वर्ष झालेली ललिता होती. वडील होते, ज्यांनी कारखान्याच्या गेटवर वॉचमनकी करून त्याला शिकवलं होतं आणि जे आता वस्तीत त्याच्याबरोबर चालताना एक पाऊल मागे राहायचे, लोकांना आधी मुलगा दिसावा म्हणून. त्याने सही केली. मग वही उघडली आणि पेन्सिलीने लिहिलेली ती ओळ खोडरबराने पुसली. रबराचा भुगा पानावर राहिला. तो त्याने फुंकला.

तेराव्याला तो गेला होता. रामदासचे वडील भिंतीशी बसले होते, हातोडीने घट्टे पडलेले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. त्यांनी त्याला जवळ बोलावलं. "साहेब, तुम्ही तिथं होता. माझा पोरगा निष्काळजी होता का हो?" आणि सीताराम म्हणाला होता, "त्या दिवशी जरा घाईत होता." म्हाताऱ्याने मान हलवली. दाराआड रामदासची बायको उभी होती, वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन. तिने ऐकलं होतं.

स्वारगेटला त्याने बस बदलली. येरवड्याच्या बसची पाटी समोर होती, पण तो दुसऱ्या बसमध्ये चढला, आणि आपण हे ठरवून केलं की पायांनी, याचा विचार त्याने केला नाही. दर रविवारी तो विहारात पंचशील म्हणायचा. चौथ्या शीलापाशी, मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, त्याचा आवाज इतरांच्या आवाजात मिसळून जायचा आणि स्वतःला ऐकू यायचा नाही. ते बरं असायचं. तीन वर्षांपूर्वी ललिता गेली. जायच्या आधी महिनाभर ती एकदा म्हणाली होती, "तुम्ही झोपेत कोणाला तरी 'मागे हो, मागे हो' म्हणता. कोण हो ते?" त्याने तिलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पट्ट्याच्या पंख्याने कोणाचं वाईट केलेलं नाही हे वाक्य घरातसुद्धा म्हणता आलं नसतं. आणि ते वाक्य त्याला लागत होतं. पंखा वाईट ठरला की अहवाल खोटा ठरत होता, अहवाल खोटा ठरला की तो. म्हणून त्याने तीस वर्षं एका लोखंडी पंख्याची वकिली केली, इतक्या निष्ठेने की लोकांना ते ज्ञान वाटलं. आज त्याने तेच ज्ञान स्वतःच्या मुलीच्या गाडीला लावून दिलं होतं. साडेचार हजारांसाठी घडवलेली पाती सात हजारांवर. आणि विक्रम बाजूने वाकतो.

शनिवारवाड्याच्या थांब्यावर उतरून तो कसब्यात शिरला. तांबट आळीत पूर्वीइतक्या हातोड्या वाजत नव्हत्या, पण वाजत होत्या. दुकान त्याला विचारावं लागलं. अरुंद गाळा, भिंतीला टांगलेली तांब्याची तपेली आणि बंब, गल्ल्यापाशी सत्तावन्न-अठ्ठावन्नची बाई, चष्मा कपाळावर चढवून घंगाळाला लेबल चिकटवत होती.

"काय हवंय?" तिने मान वर न करता विचारलं.

"कुमुदताई, मी ओव्हाळ. सीताराम ओव्हाळ. रामदास कंपनीत होते तेव्हा..."

तिने मान वर केली. चष्मा खाली घेतला. बराच वेळ पाहिलं. "ओळखलं. तेराव्याला आला होतात. पांढरा शर्ट होता." मग स्टूल पायाने पुढे ढकललं. "बसा. पाणी हवं असेल तर तिथे आहे."

तो बसला. पाणी घेतलं नाही. वाटेत जुळवलेली वाक्यं होती, ती एकामागून एक निसटली. "मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या अपघाताबद्दल. त्या अहवालात जे लिहिलं होतं ते... तसं नव्हतं."

"म्हणजे कसं?"

त्याने सांगितलं. एखाद्या यंत्राबद्दल सांगावं तसं, क्रमाने, सपाट आवाजात. दुसरा आवाज त्याच्याकडे नव्हता. जाळी, दिवा, रेघ, साहेब, ठिबकणारी नळी, खूण. दारात थांबून रामदासने पाहिलं होतं, तेही सांगितलं. शेजारच्या गाळ्यातली हातोडी मध्येच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. कुमुदने एकदाही अडवलं नाही. तो थांबल्यावर ती लेबलांचा गठ्ठा सारखा करत राहिली.

"एकतीस वर्षं झाली," ती म्हणाली. "लवकर आलात."

त्याने मान खाली घातली.

"माझे सासरे अठ्ठ्याण्णवला गेले. जाईपर्यंत म्हणायचे, रामाला मी घाई शिकवली नव्हती, ती त्याला कंपनीत लागली. आमच्या चेतनला मी सायकलची चेनसुद्धा कधी बसवू दिली नाही. यंत्राला हात लावला की ओरडायची. बापाच्या हाताला घाई होती, तुझ्याही असेल, म्हणायची. त्याला यंत्रांचं वेड होतं हो. पोस्टात आहे आता. शिक्के मारतो." ती हे सगळं गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशा आवाजात बोलली. "माफी मागायला आला असाल तर ती मी ठेवत नाही."

"नाही. मागायला नाही आलो."

"मग लिहून द्या."

तिने गल्ल्याखालून वही काढली आणि मधलं जोडपान सोडवून त्याच्यापुढे ठेवलं, वर पेन. "मराठीत लिहा. चेतनला वाचता आलं पाहिजे."

सीतारामने लिहायला घेतलं. एकतीस वर्षांत त्याने हजारभर तरी अहवाल लिहिले असतील. हात आपोआप त्याच चाकोरीत गेला. तारीख घातली. सात-आठ ओळी झाल्यावर तिने हात पुढे केला, कागद घेतला आणि चष्म्यातून वाचू लागली, बोट ओळीखाली सरकवत. बोट थांबलं.

"'निरीक्षणाच्या सोयीसाठी जाळी काढण्यात आली होती.' कोणी काढली?"

"मी."

"मग तसं लिहा की."

त्याने ओळ खोडली. वर लिहिलं: जाळी मी काढली होती.

"'पात्याच्या मुळाशी तडा असल्यासारखे वाटले.' वाटलं, का दिसला?"

हातोडी थांबली होती. ती पुन्हा सुरू व्हावी असं त्याला फार वाटलं. एकतीस वर्षं तो याच दोन शब्दांच्या मध्ये राहत आला होता. तिथे त्याने घर केलं, मुलगी वाढवली, बढत्या घेतल्या. "दिसला," तो म्हणाला, आणि लिहिलं: मला तडा दिसला.

"आणि हे. 'त्यानंतर सदर कर्मचारी आत गेला.' हा सदर कर्मचारी कोण?"

त्याने लिहिलं: मी रामदासला आत जायची खूण केली. तो थांबला होता. मी पुन्हा खूण केली. रामदास निष्काळजी नव्हता. निष्काळजी मी होतो. आणि हे त्या वेळी मी लपवलं.

सही करताना पेन कागदात रुतलं. कुमुदने कागद पुन्हा वाचला, पहिल्यापासून, या वेळी ओठ हलवत. तिचे डोळे कोरडे होते. तिने घडी घातली, एक, दोन, तीन, अगदी कडा जुळवून, आणि तो ब्लाउजमध्ये ठेवला. मग घंगाळ पुढे ओढलं.

"या आता," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर त्याला वाटलं होतं की काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. ऊन होतं, सायकली होत्या, देवळासमोर कोणीतरी चप्पल शोधत होतं. समोरच्या बंद गाळ्याच्या पायरीवर तो बसला आणि मैत्रीला फोन लावला.

"मैत्री, तो पंखा काढा. विजेचा लावा."

"काय झालं बाबा? विक्रम कसतोय आत्ता. सकाळी तर तुम्ही..."

"त्याला आधी बाजूला व्हायला सांग. इंजिन चालू करू नका. तो पंखा साडेचार हजारांचा आहे, सात हजारांवर पातं मुळातून जाऊ शकतं. गेलेलं मी पाहिलंय." त्याने श्वास घेतला. "माणूस गेलेला पाहिलाय. माझ्यामुळे गेला. आणि मी खोटं लिहून दिलं."

पलीकडे शेडमधला आवाज होता, पान्हा खाली ठेवल्याचा. मग मैत्रीचा, लहान झालेला, "कधी?"

"तू व्हायच्या आधी."

त्याने रस्त्यावर बसून सगळं सांगितलं, दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, जड गेलं. कुमुदच्या पुढ्यात तो गुन्हेगार होता, त्यात एक सरळपणा होता. इथे तो मैत्रीचा बाबा होता, आणि प्रत्येक वाक्यासरशी त्या बाबांचं काहीतरी त्याच्या हातून पडत होतं. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"त्यांच्या दुकानासमोर."

"तिथेच थांबा."

पाऊण तासाने तिची स्कूटर आळीच्या तोंडाशी दिसली. शेडमधले कपडे तसेच, मनगटाला काळं तेल. सीताराम उठून उभा राहिला. ती जवळ आली, हेल्मेट काढलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं ते पाहणं नव्हतं. "विक्रमने पंखा उतरवलाय," ती म्हणाली. "भिंगाखाली बघितली पाती. तडा कुठेच नाही, स्वच्छ आहे. तरी उतरवलाय. विजेचा उद्या लावतोय, वायरिंग मी करणार." मग म्हणाली, "कुठलं दुकान?"

त्याने बोटाने दाखवलं. ती रस्ता ओलांडून आत गेली.

तिथून त्याला दोघी दिसत होत्या, टांगलेल्या तपेल्यांच्या खालून अर्ध्याच. कुमुद बसलेली, मैत्री उभी. मग मैत्री त्याच स्टुलावर बसली. आवाज येत नव्हता. आळीतल्या हातोड्या आता एकदम तीन-चार ठिकाणी वाजत होत्या. एकदा कुमुदने घडी काढून तिच्या हातात दिली. मैत्री वाचत होती तितका वेळ सीतारामने रस्त्याकडे पाहिलं. उठून तिथे जावं असं त्याला वाटलं, आणि आपल्याला तिथे बोलावलेलं नाही हेही कळलं. त्या दोघींच्या मध्ये आता जे काही होतं त्याचं कारण तो होता, पण त्यात त्याला जागा नव्हती. हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. तो पायरीवर बसून राहिला. तहान लागली होती.

अर्ध्या तासाने मैत्री बाहेर आली. डोळे लाल होते, पण चेहरा नीट पुसलेला. दोघं स्कूटरपर्यंत चालत गेले.

"काय म्हणाल्या?" शेवटी त्याने विचारलं.

"फार नाही. चेतनदादाला संध्याकाळी दाखवणार आहेत कागद. तो काय करेल ते त्याचं तो ठरवेल, म्हणाल्या. कंपनीकडे जाईल, पोलिसांकडे जाईल, नाहीतर फाडून टाकेल." ती किल्ली शोधत होती. "तुम्ही तयार राहा."

"हो."

"मग विचारलं, तुमचे बाबा घरी कसे होते."

सीताराम थांबला. "तू काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. म्हटलं, चांगले होते. मला कधी खोटं बोलू दिलं नाही त्यांनी."

"मग?"

"म्हणाल्या, साहजिक आहे."

मैत्रीने स्कूटर स्टँडवरून काढली, सुरू केली. "बसा," ती म्हणाली. तो मागे बसला. एरवी तो तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. आज त्याने सीटमागची दांडी धरली, दोन्ही हातांनी, आणि मैत्रीने गर्दीतून वाट काढत गाडी नदीच्या पुलाकडे घेतली.